कुलूप बदललेली खोली

तेलुगूत कानाला ‘चेवी’ म्हणतात, आणि कुलपाच्या चावीला ‘ताळंचेवी’, म्हणजे कुलपाचा कान. आदिलाबादच्या बस स्टँडजवळ लिंबाच्या झाडाखाली मी अर्धं आयुष्य चाव्या घासत बसलो, तरी हे माझ्या ध्यानात यायला पंधरा वर्षं लागली. आलं तेव्हा माझ्याच धंद्याचा उलगडा मला झाला. चाव्यांवर माझं घर कधी चाललंच नाही. चाललं ते कानांवर.

लोकांचा समज असा की माणूस चोरी झाली की कुलूप बदलतो. चोरी झाल्यावर माणूस कपाळ बडवतो, पोलिसांकडे जातो, शेजाऱ्यावर संशय घेतो. कुलपाचं त्याला फार उशिरा सुचतं. कुलूप बदललं जातं ते भाडेकरू गेल्यावर. गेलेल्या भाडेकरूकडे एखादी जास्तीची चावी राहिली असेल अशी प्रत्येक घरमालकाला भीती असते. ती खरीही असते, कारण ती चावी मीच करून दिलेली असते. त्यामुळे गावात कुठली खोली रिकामी झाली हे दारावर पाटी लागायच्या आधी मला कळायचं. सकाळी कुलूप विकायचं, दुपारी त्या कुलपाला भाडेकरू शोधायचा. असा मी चावीवाल्याचा दलाल झालो. बढती म्हणा हवं तर.

आमच्याकडे भाड्याच्या घराला घर म्हणत नाहीत, ‘पोर्शन’ म्हणतात. शब्द प्रामाणिक आहे. एक खोली, तिच्या कोपऱ्यात ओटा, आणि मोरी अशी की साबण लावायचा तर अंग बाहेर काढावं लागतं. वर पत्रे असले की उन्हाळ्यात तवा आणि हिवाळ्यात माठ. आणि आदिलाबादचा हिवाळा काय असतो हे ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांनाच विचारा. ही असली खोलीसुद्धा भाडेकरूला परवडत नाही आणि मालकाला ती देणं जिवावर येतं.

भाड्याने खोली शोधणारी माणसं बहुतेक आमच्याच बाजूची. कोणी भीमपूरकडून, कोणी बोथकडून, कोणी नार्नूरकडून. कोणाला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली मिळालेली, कोणाला दवाखान्यात झाडलोट, कोणाच्या पोराला कॉलेज. भाडेकरू मराठी बोलणार, मालक तेलुगू बोलणार, आणि भांडायची वेळ आली की दोघंही हिंदीत शिरणार. मध्ये मी. माझं तेलुगू तसं पक्कं आहे. आकडे येतात, शिव्या येतात, आणि या दोहोंच्या मध्ये जी काही भाषा असते ती मी हातवाऱ्यांनी भागवतो. या भांडवलावर मी वीस वर्षं दुभाषा म्हणून मिरवलो.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, “तुम्ही गोरगरिबांना निवारा मिळवून दिलात, ते समाधानाचे प्रसंग लिहा.” बसलो लिहायला. समाधान अर्ध्या पानात संपलं. आता उरलेली पानं फजितीने भरतो आहे. ती माझ्याकडे कधी कमी पडली नाही.

उदाहरणार्थ, एका सोमवारी एका माणसाने घाईघाईत मोठं कुलूप नेलं. गल्ली मला ठाऊक होती. दुपारी नवरा, बायको आणि दोन पोरं असं एक कुटुंब घेऊन मी तिथं गेलो. दाराला कुलूप नव्हतं, म्हणून मोठ्या तोऱ्यात दार ढकललं आणि म्हणालो, “बघा, हवेशीर आहे.” आत एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. कुलूप भाडेकरू गेला म्हणून नव्हतं घेतलेलं. त्या म्हातारीला जावई घरात नको होता, म्हणून तिने मुलाला कुलूप आणायला पाठवलं होतं. तिने त्या कुटुंबाला चहा पाजला आणि मला शिव्या पाजल्या. तेवढ्यात ज्याच्यासाठी कुलूप आणलं होतं तो जावई आला आणि मी दार उघडून दिलेलं असल्यामुळे सरळ आत जाऊन बसला. तो अजून तिथंच आहे. एक निवारा मी मिळवून दिला तो हा.

गिऱ्हाइकंही एकेक. एक जण यायचा, दर रविवारी. त्याला चोवीस तास पाणी हवं, बाजार जवळ हवा, गर्दी नको, मालक वर राहणारा नको, आणि भाडं दहा वर्षांपूर्वीचं. मी त्याला म्हणालो, “भाऊ, असं घर सापडलं तर आधी मले सांगजो, मी राह्यतो.” तो रागावला नाही. पुढच्या रविवारी येऊन विचारलं, “सापडलं काय तुमाले?”

पण संपादकबाईंनी निवारा म्हटल्यावर मला पहिली आठवली ती कांताबाई. तिचा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, मर्तिकाला जमलेल्या लोकांतसुद्धा सांगितलेला आहे आणि लोक हसले आहेत. आज पहिल्यांदा पूर्ण सांगतो.

कांताबाई वाघमारे आमच्या शेजारच्या गावची. मध्ये एक नाला, एवढंच अंतर. तिच्या सासूने आमच्या वावरात निंदण केलेलं. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. तिची एकुलती एक मुलगी प्रज्ञा, तिला आदिलाबादला नर्सिंगला सीट मिळाली होती. वसतिगृह भरलेलं. मुलगी रोज गावाहून बसने यायची.

कांताबाई माझ्या लिंबाखाली येऊन बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

“भाऊ, बस पोहोचते तवा पयला तास संपला राह्यते. मॅडम म्हणे, हजेरी कमी पडली तं परीक्षेले बसू देणार नाई. या महिन्याच्या आत खोली पायजे. लहान असो, पत्र्याची असो.”

“आणि तुमी काय करसान इथं?”

“मी चार घरच्या पोळ्या लाटीन. मले दोन हात हायेत. खोली तेवढी नाई.”

मी म्हणालो, “हे काय काम आहे? आठ दिवसांत.” माझं ‘आठ दिवसांत’ हे वाक्य आदिलाबादेत प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

नशिबाने त्याच आठवड्यात रेल्वे फाटकापलीकडच्या लक्ष्मम्मांनी कुलूप बदललं. लक्ष्मम्मा म्हणजे देवभोळ्या, गोड बाई. दारापुढे रोज पाण्याचा सडा आणि मुग्गू, म्हणजे रांगोळी. मी भाडेकरू आणतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “वाळ्ळेमिटोळ्ळु?” ते कुठले लोक. तेलुगूत हा प्रश्न इतका मऊ ऐकू येतो की नवख्याला वाटतं, गाव विचारतायत. नवखा गाव सांगतो. मग तोच प्रश्न पुन्हा येतो, तितकाच मऊ. मी नवखा नव्हतो. मी म्हणालो, “मा ऊरोळ्ळु.” आमच्या गावचे. हे उत्तर खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. दलालीचं होतं.

सामान यायच्या दिवशी मी कांताबाईला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. तिच्या पेटीत लुगड्यात गुंडाळलेली एक तसबीर होती. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. नाव सांगायची गरज नाही.

“कांताबाई, हे दोन-तीन दिवस पेटीतच राहू द्या. जरा सामान लागू द्या, ओळख होऊ द्या, मंग लावजा.”

“काऊन? त्यायचं भाडं वेगळं लागते काय?”

मी हसलो. ती हसली नाही. तिने पेटीतून खिळा काढला, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि समोरच्या भिंतीत दोन ठोक्यांत तसबीर लावली. मग स्टोव्ह मांडला. लक्ष्मम्मा हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्याच.

आता धंद्याची एक गोष्ट सांगतो. दलाल चावी हातात देतो आणि निघतो. पुढे आत काय होतं ते तो बघत नाही; बघितलं तर त्याला पाण्याची मोटार दुरुस्त करायला लावतात. त्यामुळे इतक्या वर्षांत मी नव्या खोलीतला पहिला दिवस कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी थांबलो, कारण दुभाषा हवा होता.

लक्ष्मम्मांनी स्टोव्हवर दूध ठेवायला सांगितलं. “पालु पोंगालि,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात खालून वर उचलून दाखवले. पालु म्हणजे दूध, हे मला येत होतं. पोंगालि ऐकलेलं होतं. वर उचललेले हात मी आमच्या गावच्या रीतीने वाचले: सांभाळा, वर येतंय. आमच्याकडे दूध उतू जाणं म्हणजे घराचं चांगलं होणार नाही, असं म्हाताऱ्या म्हणतात. म्हाताऱ्यांचं जाऊ द्या, वाया जातं ना.

मी भाषांतर केलं. “दूध तापवा म्हणतात. आणि पाहून राह्यल्या बरं का, एक थेंब उतू जाऊ देऊ नका.”

कांताबाईने दोन म्हशी सांभाळलेल्या. दुधाचा जीव कधी वर येतो हे तिला पाठमोऱ्यानेही कळायचं. ती उकिडवी बसली. पातेल्याच्या कडेला फेस चढला, मध्ये फुगला, काठाला टेकला, आणि त्याच क्षणी पदराच्या टोकाने तिने पातेलं अलगद उचलून खाली ठेवलं. एक थेंब नाही. तिने मान वर करून लक्ष्मम्मांकडे पाहिलं. परीक्षेत पहिलं आलेलं पोर मास्तरकडे पाहतं ना, तसं.

लक्ष्मम्मांचा चेहरा माझ्या हातच्या घासून बिघडलेल्या चावीसारखा झाला. “पोंगनिय्यलेदु,” त्या एवढंच म्हणाल्या. पोंगू दिलं नाही. आणि हळदीकुंकवाचं ताट जसं आणलं तसं घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. हैदराबादचा मुलगा येतोय, खोली लागणार. त्या मुलाला मी ओळखतो. तो अजून आलेला नाही.

टपरीवाल्या मल्लेशने मला समजावलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. तेलुगू माणूस भाड्याच्याही घरात शिरला की आधी दूध ठेवतो आणि मुद्दाम उतू जाऊ देतो. पोंगालि म्हणजे उतू गेलं पाहिजे. भरभराट अशी काठावरून वाहायला पाहिजे. मल्लेश म्हणाला, “अन्ना, तुमने तो उनकी लक्ष्मी को पल्लू से पकड़ के नीचे बिठा दिया.”

हाच तो माझा किस्सा. इथं लोक हसतात. मीही हसतो. पण तो इथं संपत नाही.

कांताबाईचं सामान मी हातगाडीवर घालून माझ्या घरी आणलं आणि मागच्या ओसरीत ठेवलं. पेटी, स्टोव्ह, वरवंट्यासकट पाटा, आणि पुन्हा लुगड्यात गेलेली तसबीर. मायलेकी गावाला परत गेल्या. महिन्याचे सतरा दिवस उरले होते.

चूक माझी, म्हणून मी जोर लावला. चौथ्या दिवशी मालतीकाकूंनी कुलूप नेलं. मालतीकाकू मूळच्या यवतमाळकडच्या, मिस्टर इथं नोकरीत होते, घर बांधलं, राहिले. मराठी घर. भाषांतराचा प्रश्नच मिटला. मी स्वतःवर खूष झालो, आणि माणूस स्वतःवर खूष झाला की त्याने घरी बसावं. मी बसलो नाही. मी कांताबाईला रस्त्यात म्हणालो, “मागची चूक आता नाही. या शहराची रीत मले कळली. दूध उतू गेलंच पायजे. पातेलं काठोकाठ भरा.”

“मराठी बाई हायेत ना पण?”

“शहराची रीत सगळ्याइले सारखी.”

तिने वाटेतच जास्तीचं दूध घेतलं. एवढा शहाणा माणूस सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार.

मालतीकाकूंनी खोली दाखवली. नवी फरशी बसवलेली, तिच्यावर पाय ठेवायलाही जीव धजेना. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “आडनाव काय म्हणालात?”

“वाघमारे,” कांताबाई म्हणाली.

“कोणते वाघमारे?”

“वाघ मारणारे,” मी म्हणालो. माझा हा विनोद चांगला आहे. इतर ठिकाणी चालतो.

“बौद्ध,” कांताबाई म्हणाली.

“अस्सं,” मालतीकाकू म्हणाल्या. ‘अस्सं’ या शब्दात मराठीत दोन स आहेत. पहिला ऐकल्याचा आणि दुसरा ठरवल्याचा. तो दुसरा मी ऐकला. कानावर पोट भरणारा माणूस मी, मला तो ऐकू आला नाही असं कसं म्हणू? पण तोवर माझ्याच घाईने समोर स्टोव्ह पेटला होता आणि मला दूध दिसत होतं.

लिटरभर दूध उतू गेलं. मी शिकवल्याप्रमाणे कांताबाईने हात मांडीवर ठेवले आणि ते जाऊ दिलं. पातेल्यावरून स्टोव्हवर, स्टोव्हवरून नव्या फरशीवर, फरशीच्या सांधीतून मालतीकाकूंच्या चपलेपर्यंत. तिच्या बोटांची चुळबुळ मला दिसत होती. आयुष्यात कधी दूध सांडू न दिलेली बाई माझ्या शब्दाखातर ते वाहताना बघत होती.

“अगं बाई,” मालतीकाकू म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी दूध उतू? आमच्याकडे हे फार वाईट मानतात हो. घरातली लक्ष्मी अशी पायदळी... नाही, मला नाही चालायचं. वाईट वाटून घेऊ नका हं.”

वाईट वाटून घेऊ नका हं. याच्याइतकं वाईट वाटायला लावणारं वाक्य आपल्या भाषेत दुसरं नाही.

फरशी कांताबाईनेच पुसली. मग आम्ही रस्त्याला लागलो. मी बोलतच होतो, माझं तोंड बंद राहत नाही. दोन्ही वेळा माझंच चुकलं, तेलुगू घरी मराठी दूध आणि मराठी घरी तेलुगू दूध, माझ्यासारखा गाढव जिल्ह्यात नाही, वगैरे. स्वतःला गाढव म्हणण्याची मला हौस आहे. स्वस्त पडतं, आणि पुढचं कोणी काही बोलत नाही. कांताबाई बोलली.

“भाऊ, तिथं दूध उतू नाई गेलं म्हणून खोली गेली. इथं उतू गेलं म्हणून गेली. दूध तं गरीब हाय. त्याच्यावर काऊन घालता?”

“म्हणजे?”

“त्या लक्ष्मम्मानं दुधाकडे पाह्यलंच नाई. मी खिळा ठोकला तवापासून ते बाई भिंतीकडे पाहून राह्यली होती. तुमी माह्या पातेल्याकडे पाहून राह्यले होते.”

मी म्हणालो, “असं नसते कांताबाई, रीत असते एकेकाची.”

“हो, रीतच हाय,” ती म्हणाली.

सात दिवस उरले होते. ती सामानातून पोळपाट काढून न्यायला माझ्या घरी आली. एका घरी पोळ्यांचं काम लागलं होतं; खोलीच्या आधी काम, तेही बरंच. मी ओसरीत तिच्यासमोर उभा राहून पुढच्या आठवड्यातल्या खोल्यांची यादी सांगत होतो. ती पेटीजवळ वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ओसरीला लागून माझी मागची खोली आहे. तिच्या दाराला पितळी कुलूप होतं. चकचकीत.

“हे कुलूप नवं हाय,” कांताबाई म्हणाली.

माझी यादी थांबली.

“तुमीच सांगता ना भाऊ, कुलूप कवा बदलते ते. कोण राह्यत होतं?”

राहत होता एक बस कंडक्टर. बदली झाली, गेला. बरोबर कांताबाई लिंबाखाली पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात. मला विचारच सुचला नाही, असं लिहून टाकणं सोपं आहे. विचार आला होता. आला म्हणूनच कुलूप बदललं.

“त्या खोलीत आईचे देव हायेत,” मी म्हणालो.

आतून माझी बायको शोभा बाहेर आली. हातात सूप. “देव समोरच्या खोलीत आणून दोन वर्सं झाले,” ती म्हणाली. बायका अशा वेळी नेमक्या सत्यवादी होतात.

“म्हणजे... तुले चालत नसन म्हणून मी...”

“मले कवा इचारलं तुमी? सगळीकडे सांगत फिरता, बायकोले चालत नाई, बायकोले चालत नाई. मलेच आज समजलं, मले काय काय चालत नाई ते.” मग कांताबाईकडे वळून म्हणाली, “बाई, राहा तुमी इथंच. सामान तं हायेच.”

सामान होतंच. रिकाम्या खोलीच्या दाराशी, दहा दिवस, ओसरीत. उन्हात पेटीचा रंग उडाला होता.

मी म्हणालो, “हो हो, राहा ना. मी आताच उघडतो.” आणि किल्ली शोधायला खिसे चाचपू लागलो.

कांताबाईने पोळपाट कमरेला लावला. “नको वहिनी. भाऊ आता लाजेनं देतीन. लाजेनं देलेली खोली लवकर महाग होते.” दोन पावलं गेली आणि थांबली. आवाज चढवला नाही, उलट जरा समजूत घातल्यासारखी म्हणाली, “त्या दोघींनं निदान दूध तं ठेवू देलं, भाऊ.”

त्यानंतरचे तीन दिवस मी लिंबाखाली भलताच आनंदी होतो. येईल त्याला विनोद सांगत होतो. कांताबाई पोळ्या लाटून झाल्या की येऊन झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसायची, मुलीची सुटी होईपर्यंत. माझ्याशी बोलायची नाही, रागवायचीही नाही. तिसऱ्या दिवशी रशीद चाचा आले. म्हातारे लॉरी मिस्त्री. “एक ताला दे रे, ऊपर का कमरा खाली हो गया.” मी कुलूप दिलं, आणि मनात लगेच त्या खोलीवर फुली मारली. पत्र्याची, शेजारी मशीद, खाली रोज मटण शिजणार. आपल्या माणसांना नाही चालायची. माझ्या धंद्यातलं हे माझं सगळ्यात मोठं कसब. समोरच्याला काय चालणार नाही, हे त्याला न विचारता मला कळतं.

चाचा निघाले. झाडापलीकडून कांताबाई उठली आणि त्यांच्या मागे चालू लागली. मला वाटलं, घरी निघाली.

दोन दिवसांनी तिने माझ्यापुढे एक चावी ठेवली. चाचांच्या कुलपाची. ती चावी मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार.

“हिची अजून एक करा. पोरीसाठी.”

मी कानस घेतली आणि घासायला लागलो. मान खाली घालायला काम बरं असतं.

“चाचांनं काय काय इचारलं?” मी विचारलं.

“एकच. ‘पानी कित्ता लगता जी?’ मी म्हटलं, दोन माणसायले लागते तेवढं. म्हणे, ‘फिर आ जाओ.’”

“आणि तो फोटो?”

“खिळा बसत नव्हता. भिंत कच्ची हाय. चाचांनं ड्रिल आणलं.”

“आणि दूध?” हे मी विचारायला नको होतं, पण माझं तोंड.

कांताबाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्यासारखं केलं. “अर्धं उतू जाऊ देलं. अर्ध्याचा चहा केला. कोणाचं खरं असन ते असो.”

चावी झाली. मी म्हणालो, पैसे नको. तिने ठेवले. मी सरकवले. तिने पुन्हा ठेवले आणि वर माझी कानस ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. गेली.

प्रज्ञाची हजेरी भरली. आता ती दवाखान्यात नर्स आहे, आणि हात हलका आहे, हे मी स्वतःच्या दंडावर तपासून सांगतो. कांताबाई अजून चाचांच्या वरच राहते. पत्रे काढून स्लॅब पडला तेव्हा चाचांनी तिला विचारून मोरीची जागा ठरवली म्हणतात. इतक्या वर्षांत मी पुष्कळ भाडेकरू लावले. तिला लावलं असं म्हणता येत नाही. तिने माझे कान वापरले, एवढंच.

ज्या दिवशी तिची चावी करून दिली त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो सरळ मागच्या ओसरीत. पेटीच्या जागी फरशीवर चौकोनी डाग उरला होता. म्हटलं, कुलूप काढून टाकू, खोली झाडू, कोणाला द्यायची ती न विचारता देऊन टाकू. खिसे पाहिले, खुंटी पाहिली, देवाचा कोनाडा पाहिला. चावी नव्हती. नव्या कुलपाच्या दोन्ही चाव्या मी कुठेतरी इतक्या नीट ठेवल्या होत्या की त्या सापडेनात.

शोभा म्हणाली, “चावीवाल्याच्या घरी चावी नाई. मंग एक करा ना.”

“करून राह्यलो,” मी म्हणालो.

आमच्या बोलीचं हे एक बरं आहे. ‘करून राह्यलो’ म्हटलं की काम चालूही असतं आणि हातही लावलेला नसतो. शोभा अजून अधूनमधून विचारते, झाली का चावी. मी लिंबाखालून आलेला असतो, हाताला पितळेचा कीस लागलेला असतो, दिवसभरात दहा लोकांची दारं उघडून दिलेली असतात.

“करून राह्यलो,” मी म्हणतो.